जवळचे शब्द, दूरचे अर्थ : इंग्रजी शब्दजोड्या आणि गोमंतकीय मराठी वाचक

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘गोंधळात टाकणारे शब्द’ नावाचे एक प्रकरण हमखास असते. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याच्यासारखा दुसरा, खाली एकेक वाक्य. विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतो आणि विसरतो. याचे कारण त्या यादीला संदर्भ नसतो. दोन शब्दांत फरक आहे हे सांगितले जाते, पण तो कोणाला, कोठे आणि कशासाठी जाणवतो हे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दजोड्या मांद्रे-पेडणे परिसरातील, आणि एकूणच गोव्यातील मराठी वाचकाच्या व्यवहारातून पाहायच्या आहेत. येथे जमिनीचा उतारा इंग्रजीत येतो, वारसाहक्काचा निवाडा इंग्रजीत लिहिला जातो आणि राजभाषेचा कायदाही मुळात इंग्रजीत वाचावा लागतो. त्यामुळे शब्दांमधला बारीक फरक येथे केवळ गुणांचा विषय राहत नाही. घर, शेत आणि भाषा यांच्यापर्यंत तो पोचतो.

सोयीसाठी या गोंधळाची तीन कारणे मानू. पहिले, दोन शब्दांचा उच्चार किंवा लेखन सारखे असणे. दुसरे, इंग्रजीतील दोन शब्दांसाठी आपण मराठीत एकच शब्द वापरणे. तिसरे, एकाच इंग्रजी शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ वेगळा आणि कायद्यातला अर्थ वेगळा असणे. पहिल्या कारणाने होणारी चूक हास्यास्पद ठरते, दुसऱ्याने होणारी अवघडून टाकते आणि तिसऱ्याने होणारी महागात पडते.

१. नागरी लिपीत पुसला जाणारा फरक

‘वेस्ट’ हा शब्द नागरीत लिहून पाहा. तो पश्चिम दिशेचा आहे, कचऱ्याचा आहे की अंगात घालायच्या बनियनचा? इंग्रजीत हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यांची स्पेलिंगे वेगळी आहेत, उच्चारही वेगळे आहेत. पण इंग्रजीतील दोन ‘व’साठी आपल्याकडे एकच अक्षर आहे आणि मराठी लेखनात ‘ए’ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. त्यामुळे तिन्ही शब्द एकाच साच्यात येऊन बसतात. ‘सेल’ हा शब्द दुकानातली विक्री, विजेरीतला घट, तुरुंगातली कोठडी आणि गलबताचे शीड या चौघांसाठी राबतो. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि वेदनाही. ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी आणि चवही. मराठी वाक्यात संदर्भामुळे आपले अडत नाही. पण हाच मुलगा इंग्रजी लिहायला बसला की त्याच्या कानात एकच ध्वनी असतो आणि हातून कोणतेही स्पेलिंग उतरते.

येथे स्पेलिंग घोकून घेण्यापेक्षा कान तयार करणे उपयोगी पडते. आपल्या भागातील मुलांकडे त्यासाठी एक भांडवल आहे. कोकणीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा उघडा आणि मिटका उच्चार अर्थ बदलतो. घरात कोकणी किंवा पेडण्याची बोली बोलणाऱ्या मुलाला दोन ‘ए’ वेगळे असू शकतात हे समजावून सांगावे लागत नाही. ते त्याला ठाऊकच असते. इंग्रजीतला भेद अगदी तोच नव्हे, पण त्या जाणिवेवरून इंग्रजीकडे वळता येते.

‘लूज’ हे दुसरे उदाहरण. सैल या अर्थाचा शब्द ‘लूस’ असा ‘स’ने संपतो आणि गमावणे या अर्थाचा शब्द ‘झ’च्या जवळच्या ध्वनीने संपतो. आपण दोन्हींना ‘लूज’ म्हणतो, म्हणून लिहितानाही घोटाळा करतो. सल्ला हे नाम आणि सल्ला देणे हे क्रियापद यांच्या इंग्रजी जोडीतही हाच फरक आहे. नाम ‘स’ने संपते, क्रियापद ‘झ’ने. ही एक खूण कळली तर दोन जोड्या एकदम सुटतात.

‘प्रिन्सिपल’ आणि ‘स्टेशनरी’ यांचे मात्र तसे नाही. तत्त्व आणि प्राचार्य, किंवा स्थिर आणि लेखनसाहित्य, या जोड्यांचे उच्चार इंग्रजीतही जवळजवळ एकच आहेत. येथे कान उपयोगाचा नाही, डोळाच हवा. कोणती जोडी कानाने सोडवायची आणि कोणती डोळ्याने, एवढे शिक्षकाने आधी ठरवून घेतले तरी निम्मे काम होते.

२. मराठीचा एक शब्द, इंग्रजीचे दोन

दुसऱ्या प्रकारात चूक इंग्रजीत दिसते, पण तिचे मूळ मराठीच्या सवयीत असते. ‘उंच’ हा शब्द आपण डोंगरालाही लावतो आणि माणसालाही. इंग्रजीत डोंगर ‘हाय’ आणि माणूस ‘टॉल’. ‘करणे’ या क्रियापदाला इंग्रजीत ‘डू’ आणि ‘मेक’ असे दोन वाटेकरी आहेत. काम पार पाडायचे असेल तर पहिला आणि काही नवे घडवायचे असेल तर बहुधा दुसरा. हात मोडला असे आपण म्हणतो तेव्हा तो मनगटापुढचा की खांद्यापासूनचा, हे इंग्रजीला आधी ठरवावे लागते.

मात्र प्रत्येक वेळी मराठीत शब्द नसतो असे नाही. पुष्कळदा शब्द असतो, पण आपण तो वापरायचे सोडलेले असते. ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ यांची जोडी घ्या. एखादी गोष्ट करायला किंवा घ्यायला तयार नसणे म्हणजे पहिला शब्द. एखादे विधान किंवा आरोप खरा नाही असे म्हणणे म्हणजे दुसरा. मराठीत दोन्हींना सरसकट ‘नाकारणे’ म्हटले जाते. पण आपल्याकडे ‘नकार’ आणि ‘इन्कार’ हे दोन शब्द तयार आहेत. चहाला नकार द्यावा आणि आरोपाचा इन्कार करावा. हा भेद मराठीत जपणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीतली जोडी वेगळी शिकवावी लागत नाही.

‘होप’ आणि ‘एक्स्पेक्ट’ यांचेही तसेच. आशा आणि अपेक्षा हे आपले शब्द त्यांना पुरेसे आहेत. तरीही अर्जात शेवटी ‘आपण माझा अर्ज मंजूर कराल अशी अपेक्षा आहे’ असे मराठीत सहज लिहिणारा विद्यार्थी इंग्रजीत ‘एक्स्पेक्ट’ वापरतो आणि विनंतीचा सूर हुकमाचा होतो. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ते उर्मट वाटते. विद्यार्थ्याला मात्र आपले काय चुकले हे कळत नाही. ‘आशा आहे’ असा विचार मराठीत केला असता तर इंग्रजीही बरोबर उतरली असती.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ ही जोडी आपल्या रंगभूमीवरून समजावता येते. गोव्यातील देवळांच्या उत्सवांत शिवकालावरची नाटके आजही होतात. तसे प्रत्येक नाटक ‘हिस्टॉरिकल’ आहे, कारण त्याचा विषय इतिहासातला आहे. पण एखाद्या मंडळाचा शंभरावा प्रयोग किंवा गावात स्त्रियांनी स्वतः स्त्रीभूमिका केलेला पहिला प्रयोग हा ‘हिस्टॉरिक’. तो प्रसंगच इतिहासात नोंदला जाण्याजोगा आहे, मग नाटकाचा विषय सामाजिक का असेना. मराठीत दोन्हींना ‘ऐतिहासिक’. म्हणून वर्तमानपत्रात ‘ऐतिहासिक नाटकाचा ऐतिहासिक प्रयोग’ असे वाक्य आले तर ते पुनरुक्तीचे वाटते. खरे म्हणजे त्या वाक्यात दोन स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात.

उलट बाजूही विद्यार्थ्यांसमोर आणली पाहिजे. इंग्रजीतला ‘अंकल’ आपल्याकडे काका, मामा आणि इतर अनेक नात्यांत विभागला जातो. ‘यू’चे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ होतात. ‘बॉरो’ हा एकच शब्द आपल्याकडे तीन व्यवहारांत वाटला जातो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती उसनी, दुकानातून पैसे न देता माल घेतला तर तो उधार आणि पतसंस्थेकडून व्याजाने पैसे घेतले तर ते कर्ज. सर्वांत महत्त्वाचा फरक ‘वी’चा. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे असेल तर मराठी ‘आपण’ म्हणते, त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘आम्ही’. इंग्रजीत ही सोय नाही. भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचा अनुवाद करताना मराठीला या दोहोंतून निवड करावी लागली आणि तिने ‘आम्ही’ निवडले. घटना ज्यांनी स्वतःला अर्पण केली ते लोक जगाला उद्देशून बोलत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ‘आपण’ घेतले असते तर तीच उद्देशिका आपापसांतल्या बोलण्यासारखी झाली असती. कोणतीही भाषा दुसरीपेक्षा सर्वत्र अधिक काटेकोर नसते. काटेकोरपणाच्या जागा प्रत्येकीच्या वेगळ्या असतात.

३. उताऱ्यावरचे शब्द : ताबा, मालकी, कूळ, मुंडकार

आता तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे जेथे शब्दाचा कायद्यातला अर्थ वेगळा असतो तेथे वळू.

‘ऑक्युपेशन’ हा शब्द शाळेच्या प्रवेशअर्जावर वडिलांच्या नावापुढे येतो, तेव्हा त्याचा अर्थ व्यवसाय असा असतो. ‘एक-चौदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीच्या उताऱ्यावर त्याच कुळातला ‘ऑक्युपंट’ येतो. त्याचा संबंध जमीन धारण करण्याशी असतो. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकात पुन्हा ‘ऑक्युपेशन’ येतो, तेव्हा त्याचा अर्थ परक्या सैन्याने व्यापलेला प्रदेश असा असतो. तीन ठिकाणी तीन अर्थ.

उताऱ्यावरील ‘ऑक्युपंट’ म्हणजे ‘ओनर’ असे गावात सर्रास मानले जाते. उताऱ्यात नाव आहे म्हणजे जमीन आपली. ही समजूत पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. जमीन महसूल संहितेनुसार उताऱ्यातील नोंद, तिच्याविरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानली जाते. पण ती नोंद स्वतः मालकी निर्माण करत नाही. मालकी खरेदीखत, वारसा, वाटणी अशा दस्तऐवजांतून सिद्ध करावी लागते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मराठीत याला शब्द आहेत. ‘ताबा’ वेगळा, ‘वहिवाट’ वेगळी आणि ‘मालकी’ वेगळी. आजीच्या पिढीला हे तीन शब्द तीन अर्थांनी ठाऊक होते. नातवाच्या पिढीने तिन्हींच्या जागी ‘ओनरशिप’ घेतला आणि फरक हरवला.

‘टेनंट’चे पाहा. मुंबई-पुण्यात हा शब्द भाडेकरूला लावतात. गोव्यात जमिनीच्या संदर्भात त्याचा अर्थ प्रथम कूळ असा होतो, म्हणजे भाटकाराची शेती खंडाने कसणारा. त्याच्याखेरीज आपल्याकडे मुंडकार आहे. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. कुळाचे नाते शेताशी, मुंडकाराचे नाते घराशी. कुळांसाठी १९६४ चा कृषी कूळवहिवाट कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. मुंडकारांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आला. त्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण दिले आणि घर व भोवतालची विहित जागा विकत घेण्याचा हक्क दिला. दोघांचे कायदे वेगळे, अर्ज वेगळे, मिळणारी गोष्टही वेगळी. एकाच माणसाला दोन्ही नाती असू शकतात, पण एक सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. १९७५ चा कायदा इंग्रजीत लिहिताना त्याच्या मसुदाकारांनी ‘मुंडकार’ आणि ‘भाटकार’ हे शब्द तसेच ठेवले. ‘टेनंट’ आणि ‘लँडलॉर्ड’ असे शब्द हाताशी असूनही ते वापरले नाहीत, कारण त्यांत हे नाते मावत नव्हते. इंग्रजीने येथे आपल्याकडून शब्द उसना घेतला. असे असताना मराठी बातमीत मुंडकाराला ‘टेनंट’ म्हणणे म्हणजे कायद्याने जपलेला फरक आपण होऊन पुसणे होय.

किनाऱ्यावरच्या गावांत आज याहून निकडीची जोडी म्हणजे ‘लीज’ आणि ‘लायसन्स’. मांद्रे, मोरजी, हरमल या पट्ट्यात घरे, खोल्या आणि मोकळ्या जागा पर्यटन व्यवसायासाठी बाहेरच्यांना दिल्या जातात. बोलताना सगळ्याला ‘रेंटवर दिले’ असे म्हणतात. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार ‘लीज’ने त्या जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यातील ‘लायसन्स’ने फक्त परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. मराठीत एक ‘भाडेपट्टा’, दुसरी ‘परवानगी’. कागदाला ‘लायसन्स’ असे शीर्षक दिले म्हणजे निभावले असेही नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले की दस्तऐवजाचे नाव नव्हे, त्याचा आशय पाहायचा. म्हणजे शीर्षकातला शब्द बरोबर असून चालत नाही. आतली वाक्येही त्याच अर्थाची हवीत. सही करण्यापूर्वी ‘मी हक्क देतो आहे की परवानगी?’ हा एक मराठी प्रश्न स्वतःला विचारला तरी पुष्कळ त्रास टळतो.

४. वारस आणि अर्धी हिस्सेदार

गोव्यातील कौटुंबिक कायद्याची मुळे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत. त्यामुळे काही इंग्रजी शब्द येथे असे काही अर्थ धारण करतात, जे इंग्रजी शब्दकोशात पहिल्या क्रमांकावर सापडणार नाहीत.

‘इन्व्हेंटरी’ म्हणजे दुकानातल्या किंवा गोदामातल्या मालाची यादी, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी सांगेल. गोव्यातल्या न्यायालयात मात्र ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे मृताच्या मालमत्तेची मोजदाद करून ती हक्कदारांत वाटून देण्याची संपूर्ण प्रक्रिया. पोर्तुगीज शब्दाचे ते इंग्रजी रूप आहे. २०१२ च्या गोवा वारसाहक्कविषयक कायद्याच्या नावातही ते आले आहे. घरी ‘इन्व्हेंटरी’ची नोटीस आली आणि कोणीतरी ती घरातल्या सामानाची यादी करण्यापुरती आहे असे समजून बाजूला ठेवली, तर वाटणी त्याच्या गैरहजेरीत पुढे जाऊ शकते.

त्याच प्रक्रियेत ‘एअर’ आणि ‘मॉइटी होल्डर’ हे शब्द शेजारी शेजारी येतात. पहिला म्हणजे वारस. दुसरा म्हणजे अर्ध्या हिश्शाची धनी व्यक्ती. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा भाग असतो. पती वारला तर पत्नीचा अर्धा भाग तिचाच असतो. तो तिला पतीकडून ‘मिळत’ नाही, तो आधीपासून तिचा असतो. उरलेला अर्धा भाग मुलांकडे वारसाहक्काने जातो. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना मराठीत आणताना दोघांनाही ‘वारस’ म्हटले की असे चित्र उभे राहते की आई आणि मुले मिळून बापाच्या मालमत्तेचे वाटेकरी झाले. आईचा हक्क मुलांच्या हक्काच्या पातळीवर उतरतो. माझ्या वर्गात हा फरक सांगितला की मुली सावरून बसतात. काहीजणी दुसऱ्या दिवशी घरचे कागद वाचून प्रश्न घेऊन येतात. शब्दार्थाच्या तासाला याहून चांगली पावती कोणती असणार?

‘मॉइटी होल्डर’साठी ‘अर्धी हिस्सेदार’ किंवा ‘अर्धहिस्सेदार’ हा शब्द मराठीत सहज रुळू शकतो. तो अचूक आहे आणि ऐकताक्षणी कळतो.

५. कौल, सार्वमत, मुक्ती

आपल्या इतिहासातही अशा जोड्या आहेत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या मतदानाला मराठीत कोणी ‘सार्वमत’ म्हणते, कोणी ‘जनमत कौल’. ज्या कायद्याखाली ते झाले, त्या १९६६ च्या कायद्याच्या नावात मात्र ‘रेफरेंडम’ नाही, ‘ओपिनियन पोल’ आहे. फरक असा. ‘रेफरेंडम’ म्हणजे एखादा निर्णयच मतदारांसमोर ठेवणे. अनेक देशांत त्याला घटनात्मक आधार असतो. भारताच्या राज्यघटनेत तशी तरतूद नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार ती संसदेला देते. म्हणून लोकांचे मत अजमावण्यासाठी केलेल्या त्या मतदानाला ‘मत’ या अर्थाचाच शब्द दिला गेला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि हे मत निर्णायक मानले गेले. नाव मताचे, परिणाम निर्णयाचा.

आजच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण आहे. त्याला ‘ओपिनियन पोल’ म्हणजे निवडणुकीआधी दूरचित्रवाणीवर दाखवतात ते सर्वेक्षण एवढेच ठाऊक असते. थोड्या लोकांना विचारून काढलेला तो अंदाज असतो. १९६७ मध्ये मात्र प्रत्येक मतदाराला मत देण्याचा हक्क होता. एकच शब्द, पण मधल्या काळात त्याचा अर्थ आक्रसला. जुने दस्तऐवज वाचताना शब्दाचा त्या काळचा अर्थ घ्यावा लागतो, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही. मराठीतला ‘कौल’ मात्र येथे अर्थवाही आहे. देवळात पाकळ्या लावून कौल घेणारा भाविक देवाचे मत विचारतो आणि ते मिळाल्यावर मोडत नाही. विचारणे आणि मानणे या दोन्ही छटा त्या शब्दात आहेत.

दुसरी जोडी ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘लिबरेशन’. १९ डिसेंबर हा गोव्याचा ‘इंडिपेंडन्स डे’ असे उत्तरपत्रिकांत वारंवार येते. ‘इंडिपेंडन्स’ म्हणजे स्वतंत्र सार्वभौम होणे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी तसा झाला. १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज सत्तेतून सुटला आणि भारतात आला, वेगळे राष्ट्र झाला नाही. म्हणून ‘लिबरेशन’, आणि म्हणून मराठीत ‘मुक्ती’. आपल्याकडे स्वातंत्र्यदिन आणि मुक्तिदिन हे दोन शब्द स्वच्छ वेगळे आहेत. इंग्रजी लिहितानाच ते एकमेकांत मिसळतात.

याच घटनेबाबत ‘ऑक्युपेशन’ आणि ‘अॅनेक्सेशन’ यांतला फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुक्तीनंतर पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवणारे मोन्तेरो हे गोमंतकीय धर्मगुरू परवानगीची मुदत संपल्यावरही येथे राहिले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला मिळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. व्यापणे ही तात्पुरती स्थिती असते आणि प्रदेश देशात सामील झाल्यावर ती संपते, असे न्यायालयाने म्हटले. एका माणसाने आपल्या जन्मभूमीत राहावे की नाही, हे दोन शब्दांच्या अर्थावर ठरले.

६. ‘शॅल’ आणि ‘मे’

शेवटची जोडी दिसायला सर्वांत लहान. शाळेत ‘शॅल’ भविष्यकाळाचा आणि ‘मे’ शक्यतेचा असे शिकवतात. कायद्यात ‘शॅल’ म्हणजे सामान्यतः बंधन आणि ‘मे’ म्हणजे सामान्यतः मुभा. मराठीत ‘करील’, ‘करावे लागेल’ आणि ‘करता येईल’ असे प्रयोग त्यासाठी आहेत.

१९६३ च्या राजभाषा अधिनियमात हिंदीसोबत इंग्रजीचा वापर चालू राहण्याविषयीच्या कलमात ‘मे’ होता. ‘मे’चा अर्थ येथे ‘शॅल’ असाच आहे, असे पंडित नेहरूंचे म्हणणे होते. तसे असेल तर ‘शॅल’च का लिहू नये, असा अण्णादुराई यांचा आक्षेप होता. १९६५ मध्ये मद्रास राज्यात आंदोलन पेटले आणि १९६७ च्या दुरुस्तीने, हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारासारख्या गोष्टींत इंग्रजीचा वापर बंधनकारक केला. एका सहायक क्रियापदाला केवढे वजन असते ते यावरून कळते.

आपला १९८७ चा राजभाषा कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात ‘ऑफिशियल लँग्वेज’ हे पद देवनागरी लिपीतील कोकणीला आहे. मराठीसाठी स्वतंत्र पोटकलम आहे आणि त्यातील क्रियापद ‘शॅल’सह आहे. मराठीचाही वापर केला जाईल, असा त्याचा आशय. मात्र पुढे ‘ऑल ऑर एनी’ अशी शब्दयोजना येते, म्हणजे सर्व किंवा त्यांपैकी कोणत्याही शासकीय कामांसाठी. ‘शॅल’ने दिलेले बंधन ‘एनी’ने सैल होते, कारण कोणती कामे हे ठरवण्यास वाव राहतो. मराठीच्या स्थानाविषयी गोव्यात होणाऱ्या चर्चेत दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळदा ‘राजभाषा’, ‘सहभाषा’, ‘मान्यता’ असे शब्द वापरतात. कायद्याचे पोटकलम या शब्दांनी बोलत नाही. ते पद आणि वापर यांत फरक करते. बाजू कोणतीही घ्या, पण आधी तो फरक वाचा. ‘ऑफिशियल’ म्हणजे ‘नॅशनल’ नव्हे, हेही येथेच सांगायला हवे. राज्यघटनेत राजभाषा आहे, ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा तिने कोणत्याच भाषेला दिलेला नाही.

७. शिकवताना

शिक्षकांसाठी काही कसोट्या सुचवतो. पहिली विरुद्धार्थाची. ‘ओल्ड’चा विरुद्धार्थी शब्द विचारा. कोटाच्या बाबतीत तो ‘न्यू’ येतो, माणसाच्या बाबतीत ‘यंग’. मराठीत जुना आणि म्हातारा. शब्दाला दोन विरुद्धार्थी निघाले की त्याचे अर्थही दोन आहेत असे समजावे. दुसरी सोबतीची. शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते पाहावे. ‘टॉल’ डोंगराशेजारी सहसा बसत नाही. तिसरी कर्त्याची. देणारा कोण, घेणारा कोण? ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ या एका प्रश्नाने सुटतात. चौथी परिणामाची. शब्द बदलला तर कोणाचे काय जाईल आणि कोणाला काय मिळेल? ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ हिच्याशिवाय समजत नाहीत.

पाचवी कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित आहे. जोडीतल्या दोन्ही शब्दांसाठी मराठीत दोन वेगळे शब्द सापडतात का, ते शोधावे. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा आहे. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग लागलेली दिसते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी आहेत. आणि उतारा वाचता न येणाऱ्या, पण ताबा, वहिवाट आणि मालकी यांतला फरक न चुकता सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्या वाड्यांवर अजून आहेत. लेखकांनी आणि पत्रकारांनी हे शब्द लिहिते ठेवले तर ते पुढच्या पिढीला सापडतील.

इंग्रजी चांगली यावी म्हणून मराठी बाजूला ठेवावी, असा एक समज शाळांतून पसरला आहे. वरच्या उदाहरणांत ज्याची मराठी काटेकोर, त्याला इंग्रजीतले अंतर आधी दिसते. ‘नकार’ आणि ‘इन्कार’ वेगळे ठेवणाऱ्या मुलाला ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ अवघड जात नाहीत, आणि ताबा म्हणजे मालकी नव्हे हे मराठीत पक्के ठाऊक असलेली मुलगी इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी थांबून वाचते.